निर्दोष वाचक

ग्रॅहम ग्रीन ३ एप्रिल १९९१ रोजी स्वित्झर्लंडमधील व्हवे येथे निवर्तले. त्या वर्षी आम्ही सेमिनरीत होतो. बातमी आली त्या आठवड्यात ग्रंथालयातील त्यांच्या पुस्तकांवर मुलांची झुंबड उडाली. ‘द पॉवर अँड द ग्लोरी’ या कादंबरीची एकच जीर्ण प्रत होती. तिच्यासाठी क्रमांक लागले आणि आमचा क्रमांक आला तेव्हा आम्ही ती दोन रात्रींत, दिवे मालवण्याच्या नियमाचा भंग करून, विजेरीच्या उजेडात संपवली. धर्मगुरू होऊ पाहणाऱ्या विशी-बाविशीच्या तरुणांना एका दारुड्या, भित्र्या, एका मुलीचा बाप होऊन बसलेल्या धर्मगुरूच्या कथेने एवढे वेड का लावावे, हे कोडे आमच्या आध्यात्मिक मार्गदर्शकांना पडले असावे. त्यांनी एकदा सहज विचारले, “त्या माणसात तुम्हांला काय दिसतं?” आम्ही बाणेदारपणे उत्तर दिले, “स्वतःलाच पाहतो, फादर.” ते हसले आणि पुढे काही बोलले नाहीत. त्या हसण्याचा अर्थ लावायला आम्हांला तीसएक वर्षे लागली.

कादंबरीतील सदोष पात्राशी वाचकाने कोणते नाते जोडावे, हा प्रश्न वरवर वाङ्मयाचा वाटतो. पात्र निर्दोष असले तर त्याच्याविषयी आदर वाटतो, पण जवळीक वाटत नाही. ते केवळ दुष्ट असले तर त्याच्या पतनाने मन हलत नाही. शोकनाट्याचा नायक या दोहोंच्या मधला असावा, हे ॲरिस्टॉटलने फार पूर्वीच सांगून ठेवले आहे. परंतु आमच्या मते हा प्रश्न वाङ्मयाइतकाच सदसद्विवेकाचाही आहे. पुस्तकातल्या पाप्यावर आपण जी माया करतो ती खरी असते काय? आणि खरी असेल तर पुस्तक मिटल्यावर ती कोठे जाते?

प्रथम ज्यांनी कादंबरी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगावयास हवे. १९२० च्या दशकाच्या प्रारंभापासून १९३५ पर्यंत मेक्सिकोच्या ताबास्को प्रांतावर तोमास गार्रिदो कानाबाल या राज्यकर्त्याची पकड होती. त्याने चर्चेस पाडली, बंद केली, दारूवर बंदी घातली, आणि धर्मगुरूंनी विवाह केला तरच त्यांना प्रांतात राहता येईल असा कायदा केला. ग्रीन १९३८ साली त्या भागातून फिरले. तेथे त्यांच्या कानी एका पळपुट्या, मद्यपी धर्मगुरूची हकीकत आली. एका गृहस्थाच्या मुलाचा बाप्तिस्मा करताना त्याने नशेत मुलाला ब्रिगिटा हे मुलीचे नाव ठेवले होते म्हणे. या एवढ्याशा धाग्यातून १९४० साली ही कादंबरी उभी राहिली आणि ते नाव ग्रीन यांनी कथेतील धर्मगुरूच्या मुलीला दिले. नायकाला मात्र नावच नाही. इंग्रजीत त्याला ‘व्हिस्की प्रीस्ट’ म्हणतात. प्रत्यक्षात तो बिचारा बहुतेक ब्रँडी पितो.

सर्व धर्मगुरू पळाले, मारले गेले किंवा पाद्रे होसेप्रमाणे विवाह करून सरकारी निवृत्तिवेतनावर जगू लागले. हा एकटा उरला. का उरला, हे त्याचे त्यालाही धड कळत नाही. प्रेमापेक्षा अहंकारच त्यात अधिक असावा, असा त्याचा स्वतःविषयीचा संशय आहे. त्याच्या मागावर एक लेफ्टनंट आहे. हा शिपाईगडी सच्छील, निर्व्यसनी, गरिबांविषयी कळवळा असलेला आणि धर्माचा कट्टर वैरी. त्याला पकडून देणाऱ्यास सातशे पेसोंचे बक्षीस आहे, आणि गावकरी माहिती देत नाहीत म्हणून लेफ्टनंट प्रत्येक गावातून ओलीस धरून गोळ्या घालतो आहे. म्हणजे हा माणूस जिवंत राहतो त्याची किंमत दुसरे मोजतात. तरीही तो मिस्सा करतो, पापनिवेदन ऐकतो, बाप्तिस्मे देतो. मिस्सासाठी वाइनची एक बाटली मोठ्या मिनतवारीने मिळवतो आणि ती विकणारा व पोलीसप्रमुख दोघे त्याच्यादेखत ती गप्पा मारीत संपवतात, तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी येते. ते दोघे समजतात, याला चढली! जगातील शेवटची वेदी त्या पेल्यांतून रिती होत आहे, हे त्यांना सांगायची सोय नसते.

आणि तो पश्चात्ताप करू शकत नाही. सेमिनरीत नीतिशास्त्र शिकलेल्या आम्हां मुलांना हाच भाग सर्वांत खोल जाऊन लागला होता. मुलगी ज्या पापातून जन्मली त्या पापाचा पश्चात्ताप करायचा तर मुलगी नसती तर बरे झाले असते असे म्हणावे लागेल, आणि ते त्याच्या ओठांवर येत नाही. पाप नको, पण पापाचे फळ हवे. आमच्या पाठ्यपुस्तकांतील पूर्ण आणि अपूर्ण अनुतापाच्या व्याख्या या एका गाठीपुढे पोरक्या वाटत.

अशा माणसावर प्रेम करणे अवघड आहे, असे कुणी म्हणेल. आमचा अनुभव नेमका उलटा आहे. त्याच्यावर प्रेम करणे फार सोपे आहे! लेखक आपल्याला शेकडो पाने त्याच्या अंतःकरणात बसवून ठेवतो. त्याची भीती आपल्याला आतून कळते, त्याची लाज आतून कळते, तो बाटली उघडतो त्याआधीचा क्षणही आतून कळतो. ज्याचे आतले दिसते त्याला क्षमा करायला फारसे पुण्य लागत नाही.

अर्थात सर्वांनाच ते सोपे गेले असे नाही. १९४७ साली जॉन फोर्ड यांनी या कथेवर ‘द फ्युजिटिव्ह’ हा चित्रपट काढला आणि हेन्री फोंडा यांना धर्मगुरूची भूमिका दिली. परंतु पडद्यावरच्या धर्मगुरूला ना व्यसन, ना अपत्य. मुलाचे पितृत्व चक्क पोलीस अधिकाऱ्याच्या माथी मारण्यात आले. सगळे डाग धुऊन काढल्यावर उरली ती एक हळवी, निस्तेज सावली. पुढे १९५३ मध्ये रोमच्या धर्मविषयक कार्यालयाने ही कादंबरी आक्षेपार्ह ठरवली आणि लंडनच्या कार्डिनल ग्रिफिन यांच्यामार्फत ग्रीन यांना सुधारणा केल्याशिवाय ती पुन्हा न छापण्याची सूचना केली. ग्रीन यांनी प्रकाशनाचे हक्क प्रकाशकांकडे असल्याचे सविनय कळवून विषय टोलवला. त्या काळी व्हॅटिकनमध्ये अधिकारी असलेल्या मोन्तिनी यांनी पुस्तकाची बाजू घेतली होती, हे नंतर कागदपत्रांतून उजेडात आले. तेच मोन्तिनी परमगुरू सहावे पॉल झाल्यावर १९६५ साली ग्रीन त्यांना भेटले, तेव्हा तुमच्या पुस्तकांतले काही ना काही काही कॅथलिकांना खुपतच राहणार, त्याची चिंता नको, अशा आशयाचे बोलून त्यांनी लेखकाला धीर दिला. आज ही कादंबरी सेमिनरीतून राजरोस वाचली जाते. तेव्हा दारुड्या धर्मगुरूची आता वकिली करावी लागत नाही. वकिलाची गरज आहे ती दुसऱ्याच एका पात्राला.

ते पात्र कादंबरीत मोजकी पाने येते. धर्मगुरूच्या खिशात ब्रँडीची बाटली सापडते आणि दंड भरायला पैसे नाहीत म्हणून त्याला एका रात्रीसाठी कोठडीत डांबतात. तो धर्मगुरू आहे हे पोलिसांना ठाऊक नसते. कोठडीत मिट्ट काळोख, माणसांची दाटी, असह्य दुर्गंधी. अंधारात एक जोडपे रत झाले आहे. त्या गर्दीत एक भाविक मध्यमवयीन बाई आहे. जोडप्याच्या आवाजांनी ती संतापते. शेजारी धर्मगुरू आहे असे कळताच तिला तेथेच पापनिवेदन करायचे असते. तो स्वतःच्या व्यसनाची, मुलीची कबुली देतो, आणि त्या जोडप्याविषयी कठोर शब्द उच्चारायला नकार देतो. तेव्हा ती बिथरते. तुमच्याविषयी बिशपांना लिहीन, असेही बजावते. त्या रात्री कोठडीतील चोर-दरोडेखोर, सातशे पेसो समोर दिसत असूनही, त्याला पकडून देत नाहीत. वाचकाचे अंतःकरण भरून येते. आणि त्या बाईविषयी? त्या बाईविषयी वाचक मनोमन म्हणतो, ‘प्रभो, मी या बाईसारखा नाही, म्हणून तुझे आभार मानतो!’

संत लूकच्या शुभवर्तमानातील अठराव्या अध्यायात दोघे मंदिरात प्रार्थनेस जातात, तो दृष्टान्त आपण सर्वांनी ऐकला आहे. जकातदाराच्या बाजूने उभे राहण्यात आपण इतके तरबेज झालो आहोत की परुशाकडे पाहताना आपला चेहरा नेमका परुशासारखा होतो, हे आपल्या ध्यानातही येत नाही. आधुनिक कादंबरीने या रोगावर औषध दिले आहे, तसे त्याला खतपाणीही घातले आहे. पतित नायकावर माया करणारा वाचक स्वतःला विशाल हृदयाचा समजू लागतो. आणि ही विशालता सिद्ध करण्यासाठी त्याला कोणीतरी कोत्या मनाचे लागते. ती जागा बहुधा एखाद्या जपमाळ ओढणाऱ्या बाईकडे जाते.

हे शहाणपण आम्हांला अभ्यासातून लाभलेले नाही. त्याची हकीकत आमच्या मानहानीची आहे, परंतु ती गाळून हा लेख लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल.

आमच्या एका पूर्वीच्या धर्मग्रामात उपवासकाळात दर शुक्रवारी वाचकांचा मेळावा भरत असे. क्रूसाच्या वाटेची भक्ती झाल्यावर तीस-चाळीस माणसे सभागृहात थांबत आणि आम्ही एखाद्या पुस्तकावर बोलत असू. त्या वर्षी ही कादंबरी घेतली. आम्ही रंगून बोललो. वाइनच्या बाटलीचा प्रसंग सांगितला तेव्हा दोन-तीन पदर डोळ्यांना लागले. मग कोठडीचा प्रसंग आला. तेथे आम्ही त्या भाविक बाईची थोडी नक्कल केली. आवाज बारीक केला, मान ताठ केली, ‘बिशपांना लिहीन हो!’ असे म्हटले. सभागृह हसले. हसता हसता कित्येकांच्या माना पहिल्या रांगेकडे वळल्या.

पहिल्या रांगेत एक मावशी बसल्या होत्या. त्यांचे नाव येथे नको. सारे गाव त्यांना मावशीच म्हणत असे. सकाळच्या मिस्सेला कोण उशिरा आले, कोण कम्युनियनला गेले आणि कोण गेले नाही, कुणाच्या घरी रोझरी होत नाही, याची बित्तंबातमी त्यांच्यापाशी असे. आणि आमच्याविषयी त्यांनी खरोखरच बिशप हाउसला पत्र लिहिले होते. रविवारची पहिली मिस्सा दहा-दहा मिनिटे उशिरा सुरू होते, ही तक्रार. ते पत्र आम्हांला दाखवण्यात आले होते. सभागृहातील काहींना त्याची कुणकुण होती. आम्ही ती नक्कल सहज केली असे आम्ही त्या रात्री स्वतःला सांगितले. ते खरे नव्हते.

मेळावा आटोपल्यावर मावशी नेहमीप्रमाणे सॅक्रिस्टीत आल्या. दुसऱ्या दिवशीची वस्त्रे काढून ठेवण्याचे काम त्यांच्याकडे होते. जांभळे वस्त्र खुर्चीच्या पाठीवर नीट पसरीत, आमच्याकडे न पाहता त्यांनी विचारले, “फादर, त्या बाईला तुरुंगात कशापायी घातलं होतं?”

आम्हांला उत्तर येईना. त्याच कादंबरीवर आम्ही नुकतेच तासभर बोललो होतो, ती पाच-सहा वेळा वाचली होती, सेमिनरीत तिच्यावर निबंध लिहून बक्षीसही मिळवले होते. “काहीतरी किरकोळ असेल, मावशी,” असे पुटपुटून आम्ही वेळ मारून नेली. त्यांनी मान डोलावली, दिवा मालवला आणि त्या गेल्या.

रात्री आम्ही ते पान काढले. घरात धार्मिक पुस्तके सापडली म्हणून त्या बाईला पकडले होते.

ज्या राज्यात श्रद्धा हा गुन्हा होता त्या राज्यात ही बाई श्रद्धेपायी कैदेत होती. त्याच दुर्गंधीत, त्याच अंधारात, त्याच जमिनीवर. दारुड्या धर्मगुरूला त्या रात्री धर्मासाठी अटक झालेली नव्हती, ब्रँडीसाठी झाली होती. धर्मासाठी अटक झालेली ती होती. आम्ही तीस वर्षे तिला खलनायिका मानत आलो आणि तिच्या शिक्षेचे कारण आमच्या नजरेतून निसटले. ते अक्षरांत छापलेले होते. आम्ही ते वाचले नाही, कारण आम्हांला ती पटकन कळली होती.

आणखी एक गोष्ट त्या रात्री दिसली. तिच्यावर संतापण्याऐवजी कादंबरीतील धर्मगुरू अंधारात तिचा विचार करू लागतो. माणसाचा चेहरा, डोळ्यांभोवतीच्या रेषा, ओठांची ठेवण बारकाईने पाहिली की त्याचा द्वेष करणे कठीण होते, असे काहीसे त्याच्या मनात येते आणि त्या भाविक बाईची जबाबदारी आपल्यावर आहे, असे त्याला तीव्रतेने वाटू लागते. म्हणजे ग्रीन यांनी तिला वाऱ्यावर सोडलेले नाही. नायकाने तिला सोडलेले नाही. सोडले ते आम्ही, वाचकांनी. ज्याच्यात आम्ही ‘स्वतःलाच पाहत’ होतो तो त्या क्षणी जे करत होता, नेमके तेवढेच आम्ही केले नाही.

संत ऑगस्टीन यांनी इसवी सन ४०० च्या सुमारास लिहिलेल्या आपल्या ‘कबुलीजबाबां’त स्वतःच्या तारुण्यातील नाटकवेडावर फार कडक टीका केली आहे. शाळेत असताना आपण डायडो राणीच्या मृत्यूसाठी रडलो, पण स्वतःच्या आत्म्याच्या मरणाकडे कोरड्या डोळ्यांनी पाहिले, असे ते कळवळून सांगतात. आणि कार्थेजच्या रंगभूमीविषयी लिहिताना विचारतात की प्रेक्षकाला जेथे मदतीला धावायचे नसून केवळ दुःखी व्हायचे असते, ती दया कसली? हा आक्षेप आम्ही सेमिनरीत वाचला तेव्हा आम्हांला तो रुक्ष वाटला होता. आजही तो आम्ही जसाच्या तसा स्वीकारत नाही. काल्पनिक माणसासाठी वाहिलेले अश्रू वायाच जातात असे नाही. मन मऊ राहण्यासाठी त्यांचा उपयोग होतो. पण ऑगस्टीन यांनी बोट ठेवले आहे ती जागा खरी आहे. कादंबरीतल्या पाप्याला आपल्याकडून काही नको असते. तो उसने पैसे मागत नाही, रात्री बाराला दार ठोठावत नाही, बिशपांना पत्र लिहीत नाही. त्याच्यावर प्रेम करणे स्वस्त पडते.

याच कादंबरीत दोन पिवळे सुळे असलेला एक मेस्तिसो आहे, सातशे पेसोंसाठी धर्मगुरूला पकडून देणारा. शुसाकू एंदो यांच्या १९६६ च्या ‘सायलेन्स’ या कादंबरीतील किचिजिरो त्याचाच जपानी भाऊ शोभतो: विश्वासघात करायचा, मग रडत पापनिवेदनाला यायचे, पुन्हा विश्वासघात करायचा. या दोघांवर माया करणे खरे कठीण आहे, कारण ते चिकट आहेत, लोचट आहेत, त्यांच्या पापाला भव्यता नाही. किचिजिरोवर निदान विद्वानांनी पुष्कळ लिहिले आहे. कोठडीतल्या बाईला तेवढेही भाग्य लाभलेले नाही. विश्वासघातक्याला शेवटी यहूदाची तरी पार्श्वभूमी मिळते. कुरकुरणाऱ्या भाविक बाईला काहीच मिळत नाही.

वास्तविक धर्मगुरूंना या कादंबरीत सर्वांत अधिक टोचावा असा प्रसंग व्यसनाचा नाहीच. सीमा ओलांडून धर्मगुरू सुरक्षित प्रांतात पोहोचतो, लेर नावाच्या परदेशी भावंडांच्या घरी त्याला स्वच्छ अंथरूण मिळते, गावकरी त्याला आदराने फादर म्हणतात, आणि थोड्याच दिवसांत तो बाप्तिस्म्याच्या दरावरून घासाघीस करू लागतो! जुना आवाज, जुना रुबाब, जुनी आत्मतुष्टी सगळी परत येते. संकटात जो माणूस झाला होता तो सुरक्षिततेत पुन्हा ‘फादरसाहेब’ होऊ लागतो. लेखकाने हा प्रसंग थोडक्यात उरकला आहे आणि वाचकही तो भराभर ओलांडतात. आम्हीही ओलांडत असू. स्वतःलाच पाहतो, असे सेमिनरीत म्हणालो होतो, ते अगदी खरे होते. फक्त चुकीच्या पानावर बोट ठेवले होते. व्यसन आम्हांला नाही. मिस्सेची दक्षिणा, वार्षिक सणाचा ध्वनिक्षेपक आणि सभागृह हसवण्याची हौस आम्हांला आहे.

तेथून तो परत फिरतो, हे मात्र विसरता कामा नये. एक अमेरिकन खुनी मरणासन्न आहे, त्याला धर्मगुरू हवा आहे, असा निरोप घेऊन मेस्तिसो येतो. हा सापळा आहे हे धर्मगुरूला ठाऊक असते. तरी तो खेचरावर बसून निघतो, आणि मरणाऱ्याला पापनिवेदन करायचेही नसते. व्यवहाराच्या हिशेबाने सारे वाया गेले. पुढे देहदंडाच्या आदल्या रात्री त्याचे स्वतःचे पापनिवेदन ऐकायला पाद्रे होसे बायकोच्या धाकाने येत नाही, आणि तोच लेफ्टनंट त्याच्यासाठी चोरून ब्रँडीची बाटली आणतो. सदोष माणसे एकमेकांशी नाती जोडतात ती अशी, वाकडीतिकडी आणि अपुरी. पण ती जोडण्यासाठी कोणीतरी जागचा उठून गेलेला असतो.

त्या रात्रीनंतर मावशींची क्षमा मागावी असे आमच्या फार मनात होते. आठ दिवस आम्ही शब्द जुळवत राहिलो. अखेर एका सकाळी सॅक्रिस्टीत सांगितले, “मावशी, त्या बाईला घरात धर्माची पुस्तकं सापडली म्हणून पकडलं होतं.” त्यांनी हातातली घडी पुरी केली. “मला वाटलंच होतं,” एवढेच म्हणाल्या. नक्कल केल्याबद्दलचा शब्द आमच्या घशातच राहिला, आणि त्यांनीही तो काढला नाही. त्या एकट्या राहत होत्या, एवढे आम्हांला माहीत होते. कशा राहत होत्या, संध्याकाळी दार लावल्यावर त्या घरात काय होत असे, हे चार वर्षांत आम्ही कधी विचारले नव्हते. दोन दिवसांनी गेलो. त्यांनी चहा केला आणि तासभर गावातल्या लोकांच्या कागाळ्या सांगितल्या. आम्हांला त्या कंटाळवाण्या वाटल्या, हेही नमूद करतो. पुढच्या आठवड्यात पुन्हा गेलो.

पास्काच्या सणानंतर त्यांचे आणखी एक पत्र बिशप हाउसला गेले. फादरांचे प्रवचन पस्तीस मिनिटे चालते आणि म्हाताऱ्या माणसांना बसवत नाही, असा मजकूर होता. पहिले पत्र आम्ही दोन ओळींपलीकडे वाचले नव्हते. हे शेवटपर्यंत वाचले. अक्षर सुरेख होते, शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती, आणि पुढच्या रविवारी आम्ही घड्याळ लावून बोललो तेव्हा मावशींची तक्रार खरी होती असे आढळले.